इंजिन बसले, बांधायचे की बदलायचे?

जूनमध्ये शाळा सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच कौशातील आमच्या परिचयाच्या एका भाईंची ईको गाडी कल्याण फाट्याजवळ बंद पडली. गाडी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, सीएनजीवर चालणारी. शिळफाट्याची कोंडी कशी असते हे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला सांगायला नको. तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना तापमानाचा लाल दिवा लागला. मुलांना घरी सोडायची घाई, म्हणून भाईंनी तिकडे दुर्लक्ष केले. पुढे वाफ आली, टकटक आवाज आला आणि गाडी थांबली ती थांबलीच. टोचन लावून ती एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मालकाने बॉनेट उघडले, ऑइलची पट्टी काढून पाहिली आणि पाच मिनिटांत निकाल दिला की इंजिन गेले, खोलण्यात अर्थ नाही, कुर्ल्याहून दुसरे आणून टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंच्या घरी कर्जवाला एजंट हजर! जुनी गाडी द्या, नवी घ्या, पाच वर्षांचे हप्ते पाडून देतो. त्याला ही बातमी कोणी पोहोचवली हे विचारण्याचे भाईंना भानही नव्हते. सव्वीस मुलांच्या पालकांचे फोन सुरू होते.

हा प्रसंग एका घरचा नाही. मुंब्रा, राबोडी, भिवंडी, कल्याणच्या आपल्या वस्त्यांतून हजारो कुटुंबांची रोजी चार चाकांवर आहे. कोणाची शाळेची गाडी, कोणाची टुरिस्ट टॅक्सी, कोणाचा छोटा टेम्पो. अशा घरात इंजिन बसणे म्हणजे कर्त्या माणसाने अंथरूण धरण्यासारखे. आणि नेमक्या त्याच घाबरलेल्या अवस्थेत त्याला आयुष्यातील एक मोठा आर्थिक निर्णय घ्यायला लावले जाते. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा निर्णय उलट्या क्रमाने होतो. आधी ठरते आणि मग इंजिन उघडते. पुष्कळदा तर उघडतही नाही. इंजिन उघडून, मोजून, लिहून घेतल्याशिवाय ते बांधायचे, बदलायचे की गाडीच काढून टाकायची, यावर कोणाशी एक शब्दही बोलू नये.

"इंजिन गेले" हा शब्दप्रयोगच मुळात फसवा आहे. इंजिन म्हणजे एक वस्तू नव्हे. वर हेड, मध्ये ब्लॉक, ब्लॉकमध्ये पिस्टन आणि खाली क्रँक. यातले नेमके काय गेले? गाडी तापली असेल तर बहुतेक वेळा आधी हेड गॅस्केट जळते आणि ॲल्युमिनियमचे हेड वाकते. मग पाणी ऑइलमध्ये उतरते, ऑइल दुधाळ चहासारखे दिसते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. हे काम हेडचे आहे. लेथवर हेड घासून सपाट करता येते, व्हॉल्व्ह बसवता येतात, सीएनजीच्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात त्याही बदलता येतात. निळा धूर येत असेल आणि ऑइल वारंवार भरावे लागत असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले असे समजावे. तेथेही बोअर मोजून पाहावा. थोडी झीज असेल तर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसतो, जास्त असेल तर अनेक इंजिनांत स्लीव्ह घालता येते. टायमिंगचा पट्टा तुटला तर पुष्कळ गाड्यांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. आवाज भयंकर होतो, मालकाचा धीर सुटतो, पण ब्लॉक आणि क्रँक शाबूत राहण्याची शक्यता असते. याउलट कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले, क्रँक मोडला, किंवा ऑइल नसताना गाडी दामटल्याने क्रँकच्या बेअरिंगा जाम होऊन त्यांच्या बैठकीच जळाल्या, तर मात्र इंजिन बांधण्याचा हट्ट धरू नये. तेथे खर्च संपत नाही आणि इंजिन पुन्हा पहिल्यासारखे होत नाही.

म्हणजे पाच मिनिटांत पट्टी पाहून जो निकाल दिला गेला, त्याने फक्त एवढेच कळले होते की पाणी आणि ऑइल एकत्र झाले आहे. ताप आला हे थर्मामीटरने कळते, म्हणून कोणी लगेच ऑपरेशनची तारीख देत नाही. कंप्रेशन तपासणे, हेड उतरवणे, हेडवर सरळ पट्टी ठेवून फट मोजणे, बोअर मोजणे हे एका दिवसाचे काम आहे. त्याची मजुरी वेगळी ठरवून द्यावी आणि आनंदाने द्यावी. ही मजुरी वाचवण्याच्या नादात लोक पुढे दहापट घालवतात.

आपल्या भागात आणखी एक संकट आहे, ते पाण्याचे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस पडला, हा आकडा सर्वांना पाठ आहे; त्याच दिवशी उल्हास नदीने कल्याण, बदलापूर परिसरात काय केले ते येथील लोकांनी भोगले. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, त्या वेळीही कल्याणच्या सखल वस्त्यांत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा वेळी पाणी ओसरले की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चावी फिरवतो. तीच त्याची मोठी चूक! हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन वर येऊन पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जे इंजिन ऑइल बदलून, प्लग काढून, पाणी बाहेर काढून वाचले असते, ते एका चावीने भंगारात जाते.

त्यातही दुखणे असे की विमा कंपनीच्या नेहमीच्या पॉलिसीत पाण्याने झालेले नुकसान धरले जाते, पण नंतर गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनाचे जे होते ते "परिणामी नुकसान" म्हणून बाजूला काढले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोडणी घ्यावी लागते. शिवाय साध्या पॉलिसीत घसारा कापतात. पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के, दहा वर्षांवरील गाडीला 50 टक्के. विम्याच्या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. थर्ड पार्टी विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. परंतु ज्याने सर्वंकष पॉलिसी घेतलीच आहे, त्याने तिच्यातले बारीक अक्षर पावसाळ्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्यावे. पाणी शिरलेल्या गाडीला हात न लावता आधी कंपनीला कळवावे आणि गाडी टोचन लावूनच हलवावी.

आता कुर्ल्याच्या इंजिनाविषयी. सीएसटी रोडवरचा जुन्या सुट्या भागांचा बाजार मुंबई-ठाण्याच्या गॅरेजवाल्यांचा आधार आहे. तेथील सगळेच व्यापारी लबाड, असे म्हणणारा माणूस त्या बाजारात कधी गेलेला नसतो. पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा करणारी माणसे तेथे आहेत. पण जमिनीवर ठेवलेले इंजिन चालवून दाखवता येत नाही ही अडचण व्यापाऱ्याची नव्हे, वस्तूचीच आहे. ते किती धावले, का उतरवले, कधी तापले होते काय, हे त्यावर लिहिलेले नसते. आपले दुखणे निदान आपल्याला माहीत असते. विकत आणलेले दुखणे नंतर कळते.

याहून मोठा प्रश्न कागदाचा आहे. आरसीवर इंजिनाचा नंबर असतो आणि तो नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. हेड घासले, बोअर वाढवला, क्रँक बदलला तरी नंबर तोच राहतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो, मग तो कंपनीकडून नवा आणलेला का असेना. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्यास ते आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घेणे मालकाची जबाबदारी आहे आणि त्यासाठी 14 दिवसांची मुदत आहे. जुने इंजिन ज्या गाडीतून निघाले त्या गाडीचे काय झाले, हेही विचारावे. गाडी कायमची निकामी झाली तर तिच्या मालकाने 14 दिवसांत कळवून आरसी जमा करावी, असे कलम 55 सांगते. तो कागद आणि इंजिन नंबर लिहिलेले बिल नसेल तर इंजिन कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर पोलीस विक्रेत्याच्या आधी आपल्या दारात येतात. आणि आपल्या मुलांच्या बाबतीत अशा चौकशीची किंमत काय असते ते वाचक जाणतात. अपघातानंतर नंबर जुळला नाही तर विमा कंपनीही अडून बसू शकते. ठाण्याच्या एमएच 04 किंवा कल्याणच्या एमएच 05 कार्यालयात एक खेप मारण्याच्या कंटाळ्यापायी ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षे गाडी चालवणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

बांधायचे ठरले तरी सुटे भाग मिळतात की नाही, हे आधी पाहावे लागते. या बाबतीत डोंबिवलीकरांना दूर जायला नको. त्यांच्याच गावाजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यातून 1994 पासून प्यूजो 309 ही गाडी बाहेर पडू लागली. गाडी उत्तम होती, डिझेल इंजिन तर फारच गुणी. पण त्या दशकाच्या अखेरीपूर्वीच भागीदारी मोडली, प्यूजोवाले परत गेले आणि हौसेने गाडी घेतलेले लोक सुट्या भागांसाठी वणवण फिरू लागले. गंमत अशी की त्याच प्यूजोचे दीड लिटरचे डिझेल इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये बसवले, त्यामुळे त्याचे काही भाग तरी नंतर बाजारात मिळू लागले. उलट मारुती 800 बंद झाली 2014 मध्ये आणि ओम्नी 2019 मध्ये, तरी त्यांच्या 796 सीसीच्या इंजिनाचे सामान आजही गल्लीतल्या दुकानात मिळते. फियाटचे 1248 सीसीचे डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसले. एप्रिल 2020 मध्ये नवे प्रदूषण नियम आले आणि मारुतीने ते बंद केले, तरी ते बांधणारे कारागीर गावोगाव आहेत. तेव्हा गाडी किती भारी आहे यापेक्षा तिच्यासारख्या किती गाड्या रस्त्यावर आहेत, हे पाहून निर्णय करावा. एका मोटारीचा दिमाख एका दिवसाचा असतो, तिचे सामान शोधण्याची पायपीट मात्र रोजची.

आता हिशेब. समजा, इंजिनाच्या पूर्ण कामाला 60 हजार रुपये लागले आणि गाडी आणखी चार वर्षे चालली. महिन्याला साडेबाराशे रुपये पडले. नव्या गाडीसाठी सहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता पावणेतेरा हजारांच्या घरात जातो आणि व्याजच सुमारे एक लाख 65 हजार भरावे लागते. नवी गाडी कमी खर्च काढते, पुढे विकलीही जाते, हे खरे. जुन्या गाडीला इंजिनाखेरीज इतर कामेही निघतात, हेही खरे. ते सर्व धरूनही दोन आकड्यांतले अंतर मिटत नाही. आणि आपल्यासाठी हा केवळ आकड्यांचा प्रश्न नाही. व्याज घेणे-देणे अल्लाहने हराम ठरवले आहे. ज्याने आजवर स्वतःच्या कमाईच्या गाडीवर हलाल रोजी मिळवली, तो एका जळलेल्या गॅस्केटपायी पाच वर्षे व्याजाच्या जोखडात अडकतो, हे पाहून वाईट वाटते. तो नाइलाज होता, असे तो म्हणतो. इंजिन उघडूनच पाहिले नाही, तर नाइलाज होता हे कशावरून?

येथे समाजाचीही चूक आहे. लग्नकार्यात, मशिदीच्या रंगरंगोटीत खर्च करणारी आपली जमात एखाद्या चालकाला 60 हजारांचे कर्ज-ए-हसना द्यायला मात्र दहा सभा घेते. इंजिनाच्या कामाची रक्कम बिनव्याजी कर्जासाठी अगदी योग्य आहे. रक्कम मर्यादित, काम डोळ्यांसमोर, पैसे थेट गॅरेजच्या बिलावर देता येतात आणि गाडी सुरू होताच परतफेड सुरू होऊ शकते. ज्या वस्त्यांत बिनव्याजी पतसंस्था आहेत त्यांनी याचा विचार करावा.

पण प्रत्येक जुनी गाडी बांधत बसावी, असे आमचे म्हणणे नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर आहे. नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली. व्यवसायाच्या गाडीला परमिटप्रमाणे वयाची मर्यादा आहे. मुंबईत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षे भरताच 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. तिचे इंजिन कसे होते हे कोणी विचारले नाही. ज्या गाडीची कायदेशीर वर्षे दीड-दोनच उरली आहेत किंवा जिची चासी गंजली आहे, तिच्यात 60 हजार घालणे म्हणजे पडक्या भाड्याच्या घराला फरशी बसवणे. अशा वेळी गाडी आहे त्या स्थितीत, दोष सांगून विकावी आणि आलेल्या पैशांत आपल्याजवळची भर घालून दुसरी जुनी पण चांगली गाडी रोखीने पाहावी.

दोष सांगून, हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तो आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. पुरात बुडालेली गाडी धुऊन, आत अत्तर मारून विकणाऱ्यांना ही हदीस माहीत नसते असे नाही. घासलेल्या हेडवर चांदीचा रंग मारून ते नवे म्हणून बिलात लावणारेही जुम्याला पहिल्या सफेत दिसतात.

गॅरेजच्या धंद्यात आपले लोक मोठ्या संख्येने आहेत आणि उस्ताद-शागिर्द परंपरेने त्यांनी हे काम शिकले आहे. आवाजावरून बेअरिंग ओळखणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. पण आजचे इंजिन कानाबरोबर मोजमापही मागते. कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा हे कंपनीने ठरवून दिलेले असते. अंदाजाने आवळलेले हेड दोन महिन्यांत पुन्हा गळते आणि नाव मात्र इंजिनाचे खराब होते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणे ही तर आपल्याकडची जुनी खोड. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरणे ही दुसरी. शागिर्दाला ठाणे किंवा अंबरनाथच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला घालण्याचा सल्ला दिला की काही उस्ताद रागावतात. रागावू नये. त्याच मुलाने उद्या स्कॅनर लावून दोष शोधला तर गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाणार नाही.

कौशाच्या भाईंची गाडी शेवटी दुसऱ्या उस्तादांकडे उघडली. हेड वाकले होते, गॅस्केट जळली होती, दोन व्हॉल्व्हच्या सीट झिजल्या होत्या. एका पिस्टनवर ओरखडे होते, म्हणून रिंगा आणि एक पिस्टन बदलावा लागला. बोअर मापात निघाला. तापण्याचे मूळ कारण पंख्याची जळालेली मोटार होती, तीही बदलली. काम आठ दिवस चालले आणि तेवढे दिवस मुलांसाठी भाड्याची गाडी लावावी लागली, तो भुर्दंड वेगळा. उस्तादांनी काढलेले सगळे सामान गोणीत भरून बिलासोबत परत दिले.

गोणी देणे ही त्यांची रीत आहे, सर्वांची नाही. निदान एवढे तरी सर्व गॅरेजवाल्या बंधूंनी सुरू करावे की इंजिन उघडल्यावर काय खराब आहे, काय बदलणार, सामान कंपनीचे की बाजारातले, मजुरी किती आणि हमी किती महिन्यांची, हे दोन प्रतींत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. कार्बन लावायचे पावती पुस्तक कोणत्याही छापखान्यात गॅरेजचे नाव घालून छापून मिळते.